मासा तो मासाच? मग उद्या जमीन ती जमीनच म्हणा!

मेडशीकर मंडळी आणि आजूबाजूच्या गावांतल्या मित्रांनो, पोस्ट लांबलचक आहे हे आधीच सांगतो. वेळ असेल तर चहा घेऊन बसा, नसेल तर रात्री वाचा. पण वाचल्याशिवाय "काय फालतू लिहिलं" असं म्हणू नका.

मागच्या पावसाळ्यात आपल्या भागातल्या एका तलावावर मत्स्यबीज सोडायचा कार्यक्रम होता. कोणता तलाव, कोणते साहेब, ते सांगत नाही. कोणाची बदनामी करायची नाही मला. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, त्यात बोटाएवढी पिलं, हार, नारळ, फोटो. मी सहज विचारलं, "साहेब, हे बीज कुठलं? याचे मायबाप कोणत्या नदीतले?" साहेब हसले. म्हणाले, "अहो, मासा तो मासाच असतो. पाण्यात सोडला की पोहतो." सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात टोचत राहिलं.

आता हेच वाक्य कृषी केंद्रात जाऊन बोलून पाहा. "भाऊ, सोयाबीन ते सोयाबीनच, कोणतीही बॅग द्या." दुकानदार तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहील. जमीन भारी की मुरमाड, ओलित की कोरडवाहू, मागे हरभरा घ्यायचा की नाही, हे विचारल्याशिवाय आपल्याकडचा साधा शेतकरीसुद्धा वाण ठरवत नाही. बरड्यावर उशिरा येणारं वाण पेरलं तर शेंगा भरायच्या वेळी पाऊस निघून जातो, हे कोणाला शिकवावं लागत नाही. मग जमिनीला जो न्याय तो पाण्याला काहून नाही? माशाचं वाण नसतं काय?

असतं. आणि ते किती पक्कं असतं, हे पाहायचं तर तलावातला मासा सोडा, थेट समुद्रातला घ्या. तोही हजारो किलोमीटर फिरणारा. त्याला ना बांध, ना धुरा, ना सातबारा. कुठंही जाऊ शकतो तो. असा मासासुद्धा आपापल्या पाण्याला बांधलेला निघाला, तर "मासा तो मासाच" म्हणणाऱ्यांनी थोडं थांबून विचार करायला पाहिजे की नाही?

युरोपात हेरिंग नावाचा मासा आहे, आपल्या तारलीचा भाऊबंदच समजा. अटलांटिक महासागरात मोठमोठ्या थव्यांनी फिरतो. स्वीडन आणि फिनलंडच्या मधे बाल्टिक समुद्र आहे. हिमयुगाचा बर्फ वितळल्यावर त्याला आजचं रूप आलं, निमखारा झाला, म्हणजे सात-आठ हजार वर्षांमागची गोष्ट. त्यातही हा हेरिंग शिरला आणि राहिला. बाल्टिकचं पाणी मचूळ, आणि त्यात उजेड लालसर दिसतो. खुल्या महासागरात तो निळसर. उप्साला विद्यापीठाच्या लेइफ अँडरसन यांच्या गटानं दोन्हीकडच्या हेरिंगची जनुकं तपासली. डोळ्यात अंधुक उजेड टिपणारं ऱ्होडॉप्सिन नावाचं प्रथिन असतं. त्या प्रथिनाच्या साखळीतला २६१ नंबरचा एकच मणी बाल्टिकच्या माशात बदललेला सापडला, आणि त्या एका मण्यामुळे त्याच्या डोळ्याला लालसर उजेडात जास्त चांगलं दिसतं. २०१९ मध्ये हे छापून आलं. पुढची गंमत अशी की मचूळ किंवा गोड्या पाण्यात राहणाऱ्या माशांच्या जवळपास एक तृतीयांश जातींत नेमका तोच मणी तसाच बदललेला आहे. एकमेकांशी नातं नाही, देश वेगळे, काळ वेगळा, पण पाणी सारखं म्हणून उत्तरही सारखं.

इथं एक गैरसमज काढून टाकतो, कारण मलाही आधी तोच होता. मासा नव्या पाण्यात राहून "सवय करून घेतो" आणि मग त्याची जनुकं बदलतात, असं होत नाही. प्रत्येक थव्यात थोडी थोडी वेगळी पिलं जन्मतात. लाखो अंड्यांतली बोटावर मोजण्याइतकी जगतात. कोणती जगायची ते तिथलं पाणी ठरवतं. ज्याला दिसलं त्यानं खाल्लं, ज्यानं खाल्लं तो वाढला, त्याचीच पिलं पुढं आली. हे हजारो पिढ्या चाललं की त्या पाण्याचा मासा तयार होतो. आपल्या आज्या कणसं निवडून बियाणं ठेवायच्या ना, तसंच. फक्त इथं निवडणारा हात पाण्याचा आहे, आणि त्याला घाई नाही.

मग तुम्ही म्हणाल, समुद्र तर सगळा एक, मासे एकमेकांत मिसळत नाहीत काय? मिसळतात, चरताना मिसळतात. पण अंडी घालायला वेगळे होतात. हेरिंगमध्येच काही थवे वसंतात अंडी घालतात, काही शरदात, आणि हा फरकसुद्धा जनुकांत सापडला आहे. बाजारात दहा गावचे लोक एकत्र फिरतात, म्हणून कोणी घर चुकतो काय?

नॉर्वेच्या कॉड माशाचं तर आणखीनच स्पष्ट आहे. एक कॉड उत्तरेकडच्या थंड बॅरेंट्स समुद्रातून दरवर्षी शेकडो किलोमीटर पोहत लोफोटेन बेटांजवळ अंडी घालायला येतो. दुसरा कॉड किनाऱ्यालाच राहतो, कुठं जात नाही. दिसायला सारखे, एकाच जाळ्यात येणारे. पण त्यांच्या जनुकांच्या लडीतला मोठा तुकडाच उलटा बसलेला आहे, एकात एका दिशेनं, दुसऱ्यात दुसऱ्या. जाळ्याला हा फरक कळत नाही. फिरत्या माशाची आवक जोरात असते तेव्हा हिशेबात "कॉड भरपूर" दिसतो, आणि त्या भरपूरपणाच्या आड किनाऱ्याचा बिचारा घरकोंबडा कॉड खलास होत जातो.

आता मेडशीत बसून हे सगळं काहून सांगतो आहे ते सांगतो.

आपला वाशिम जिल्हा पाणी वाटणारा जिल्हा आहे. आपल्याकडून घाट उतरून पातूर-अकोल्याकडे गेलं की उतार पूर्णेकडे. जिल्ह्यातल्या काटा गावाजवळ उगम पावणारी काटेपूर्णा महानच्या धरणात थांबते, पुढं पूर्णेला मिळते. पूर्णा चांगदेवला तापीला मिळते. तापी सुरतेजवळ अरबी समुद्रात. जिल्ह्याच्या दक्षिणेला पडलेला पाऊस पैनगंगेत जातो, पैनगंगा वर्धेत, वर्धा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत, आणि गोदावरी राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरात. म्हणजे एकाच ढगाचा अर्धा पाऊस गुजरातला, अर्धा आंध्रला. ही आपली जागा.

आणि या दोन्ही नद्यांच्या तोंडाशी एकच मासा आहे. हिल्सा. मुंबईकडे त्याला पाला म्हणतात, बंगालात इलिश. राहतो समुद्रात, पण अंडी घालायला पुराच्या पाण्यात उलटा नदीत चढतो. चढणीचा मासा आपल्याला नवा नाही. पहिल्या पुरात नाल्यात मासे उलटे चढतात ते लहानपणी सगळ्यांनीच पाहिलं आहे, कोणी टोपल्यानं धरले, कोणी धोतरानं. हिल्सा तेच करतो, फक्त खारं पाणी सोडून गोड्यात. हे दिसतं तितकं सोपं नाही. समुद्रात माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं, म्हणून तो पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. नदीत नेमकं उलटं, पाणी अंगात घुसतं आणि मीठ धरून ठेवावं लागतं. कल्ले आणि मूत्रपिंड दोन्हींचा कारभार चालत्या प्रवासात फिरवावा लागतो. गोदावरीत त्याला दोन नावं आहेत: समुद्रात विलसा, नदीत शिरला की पुलसा. तिकडे म्हणच आहे की मंगळसूत्र विकावं पण पुलसा खावा. एका माशाला हजारो रुपये मोजतात लोक.

पाला कधी काटेपूर्णेत आला होता असं मी म्हणत नाही, उगाच कोणी फिरवू नका पोस्ट. पण आपलं पाणी त्याच्यापर्यंत जातं. आणि आपलं पाणी त्याच्यापर्यंत जाईपर्यंत मोजा: महान, हतनूर, उकाई, काकरापार. तिकडे पैनगंगेवर इसापूर, खाली गोदावरीवर मेडिगड्डा, पोलावरमचं चालू काम, आणि शेवटी धवळेश्वरम, जिथं सर आर्थर कॉटन यांचा बांध १८५२ पासून आहे. नर्मदेच्या तोंडाशी भाडभूतला बॅरेज बांधणं चालू आहे आणि भरूचचे मच्छीमार त्याला विरोध करताहेत, कारण त्यांची चूल पाला माशावर पेटते. गंगेवर १९७५ मध्ये फराक्का झालं. त्याआधी हाच मासा अलाहाबादपर्यंत चढायचा. सिंधूवर १९५५ मध्ये कोटरी झालं आणि सिंध्यांच्या पल्ल्याची वाट तिथंच अडली.

बरं, हिल्सा तरी सगळा एक आहे काय? बांगलादेशात शास्त्रज्ञांनी जनुकं तपासली. त्या एका छोट्या देशातच गढूळ नदीत चढणारा, स्वच्छ नदीत चढणारा आणि खाऱ्या पाण्यातला हिल्सा वेगळे गट निघाले. एका देशात ही परिस्थिती. मग खंबातच्या आखातात, जिथं भरती-ओहोटीत १० मीटरच्या आसपास फरक पडतो आणि पाणी चिखलानं भरलेलं, तिथला पाला आणि गोदावरीच्या मुखाचा, जिथं भरती जेमतेम दीड मीटर, तिथला पुलसा एकाच खात्यात टाकायचे? मासेमारीबंदीच्या बाबतीत सरकारनंच हे अर्धं मान्य केलं आहे. पश्चिम किनाऱ्याला १ जून ते ३१ जुलै, पूर्व किनाऱ्याला १५ एप्रिल ते १४ जून. दोन किनाऱ्यांना दोन पंचांग. छान केलं. मग बीजाच्या वेळी पंचांग एकच कसं होतं?

तारलीचंही तसंच. कोचीच्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेनं २०२३ मध्ये तारलीचा अख्खा जनुकसंच उलगडला, आपल्या उपखंडातल्या समुद्री माशांत पहिलाच. त्याच संस्थेच्या कामातून ओमानकडची तारली आणि आपल्या किनाऱ्याची तारली वेगळी असल्याचं पुढं आलं. केरळात २०१२ मध्ये तारली जवळजवळ ४ लाख टन निघाली होती. २०२१ मध्ये निघाली ३,२९७ टन. हवामान, एल निनो, बारक्या पिलांची मासेमारी, कारणं अनेक. पण अशा वेळी "तिकडून आणून सोडू" म्हणणारा कोणीतरी निघतोच, आणि त्याला थांबवायचं तर हाच अभ्यास हातात पाहिजे.

"अहो पण एवढं काय बिघडतं बाहेरचं बीज सोडून?" याचं उत्तर द्यायला परदेशात जायची गरज नाही. आपल्या लोणावळ्यात टाटांचं महसीर माशाचं बीजकेंद्र आहे, सत्तरच्या दशकापासून. हेतू चांगला होता, कष्टही प्रामाणिक होते, यात मला शंका नाही. निळ्या पंखांचा महसीर तिथं वाढवला आणि त्याची पिलं देशभर वाटली. काही कावेरीत गेली. कावेरीचा स्वतःचा महसीर होता, पाठीवर कुबड असलेला, माणसाएवढा वाढणारा, जगात दुसरीकडे कुठंही नसलेला. पाहुणा वाढला आणि घरचा आटला. २०१८ मध्ये त्या कुबड्या महसीरची नोंद "नष्ट होण्याच्या अगदी काठावर" अशी झाली. तेव्हा कुठं त्याला धड शास्त्रीय नाव मिळालं. म्हणजे बारसं आणि तेराव्याची तयारी एकाच वर्षी. कोणी विष टाकलं नाही, कोणी सुरुंग लावला नाही. फक्त "मासा तो मासाच" असं समजून मासे सोडले.

आता आपल्या तलावांकडे या. कतला, रोहू, मृगळ हे मुळात उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे मासे. १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुलला डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाला पियुष ग्रंथीचं इंजेक्शन देऊन हौदात अंडी घालायला लावली. म्हणून १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन. त्या एका कामानं लाखो कुटुंबांना भाकर दिली आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. आपल्या मच्छीमार सोसायट्यांना कतला-रोहूच परवडतो, कारण तो भराभर वाढतो आणि बाजारात ओळखीचा आहे. ठेक्याचे पैसे भरायचे असताना कोणी मला "मरळ जपा" सांगितलं तर मीही दोन शिव्या हासडीन. माझा वाद तलावातल्या कतल्याशी नाही. माझा वाद बंदी घातलेल्या मागूरशी आहे, जो २००० पासून बेकायदेशीर असून कुठून कुठून उगवतोच. माझा वाद तिलापियाशी आहे. आणि सगळ्यात जास्त वाद त्या वहीशी आहे जिच्यात फक्त "किती लाख बीज सोडलं" एवढा एकच रकाना आहे. कोणतं, कुठलं, आणि आधी तिथं काय होतं, याला रकानाच नाही.

माझ्या ओळखीचे एक भोई काका आहेत, सत्तरीच्या पुढचे. त्यांना हा जनुकांचा प्रकार सांगायचा प्रयत्न केला. ऐकून घेतलं त्यांनी आणि म्हणाले, "बापू, हे मले कायले सांगतं? आमच्या नाल्यातली वाम चिखलात दोन महिने दम धरते. तुह्या पिशवीतल्या पोट्ट्यायले तलाव आटला की तिसऱ्या दिवशी मरण येते." हा अख्खा शोधनिबंध दोन वाक्यांत झाला की नाही? आपल्याकडचे नाले मार्चमध्ये तुटतात, एप्रिलमध्ये डबकी उरतात, मे महिन्यात चिखल. त्यातून मृगापर्यंत तग धरून, पहिल्या पुरात वर चढून अंडी घालणारी मरळ, वाम, शिंगी ही इथल्या उन्हाळ्यानं हजारो वर्षं निवडलेली बियाणी आहेत. ती एकदा गेली तर कोणत्याही हॅचरीत मिळणार नाहीत, कारण हॅचरीत मे महिना नसतो.

आणखी एक, जे मला खरंच सतावतं. हिल्सा हौदात वाढवायचे आणि त्याची पिलं काढायचे प्रयत्न आपल्याकडच्या संस्था बरीच वर्षं करताहेत. अवघड काम आहे, मासा हात लावला तरी मरतो. पण एक दिवस जमेल. जमावं, माझीही इच्छा आहे. त्या दिवशी काय होईल? पिशव्या भरल्या जातील. हुगळीच्या मायबापाची पिलं तापीत सोडतील, नर्मदेत सोडतील, गोदावरीत सोडतील. हार, नारळ, फोटो. फराक्काला सध्या जे चाललं आहे ते त्यातल्या त्यात शहाणपणाचं आहे: धरणाखाली त्याच नदीत पकडलेला हिल्सा धरणाच्या वर नेऊन सोडतात. बाहेरचं रक्त नाही. ही अट कागदावर पाहिजे, सगळ्या नद्यांसाठी, आणि बीज तयार व्हायच्या आधी पाहिजे. नंतर कोण ऐकतो?

आणि ही अट दिल्लीत लिहिली जाईल तेव्हा जाईल. इथं ग्रामसभेत आपण काय करू शकतो, ते विचारायला मी मोकळा आहे. येत्या पावसाळ्यात आपल्या शिवारातल्या तलावात बीज सोडायच्या आधी तीन गोष्टी ठरावात घ्या असं मी लेखी देणार आहे. बीज कुठून आलं त्याची पावती फलकावर लावायची. तलावात वरून येणारा निदान एक नाला पहिल्या पुराचे पंधरा दिवस जाळ्यावाचून मोकळा सोडायचा, म्हणजे चढणीचा मासा चढेल. आणि सोडण्याआधी त्या पाण्यात कोणकोणते मासे आहेत याची यादी करायची, जुन्या माणसांना सोबत घेऊन. एक रुपयाचंही अनुदान लागत नाही याला. "वरून आदेश नाही" हे कारण मला सांगू नका, पुराला कोणी आदेश देत नाही.

यादीचं काम मी सुरू केलं आहे. शंभर पानी वही घेतली. आत्तापर्यंत नऊ नावं झाली, त्यातली दोन अशी की आमच्या घरात कोणालाच तो मासा आठवत नाही, फक्त काकांना आठवतो. तुमच्या आज्याला, आजोबाला, मामाला विचारा: नाल्यात काय काय सापडायचं, कोणत्या नक्षत्रात, कोणत्या डोहात. नाव जसं बोलतात तसंच लिहा, शुद्ध करू नका. खाली कमेंटमध्ये टाका किंवा बाजारात भेटलो तर तोंडी सांगा, वही पिशवीतच असते माझ्या.